वाचकांचे प्रश्न : लेस्टरच्या अलॉटमेंटमध्ये काय लावावे?

प्रश्न : येथे इंग्लंडमध्ये आम्हाला अलॉटमेंटचा (भाजीपाला पिकवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या जमिनीचा) अर्धा तुकडा, म्हणजे सुमारे १२५ चौरस मीटर जागा मिळाली आहे. भेंडी, गवार, पावटा आणि गावाकडचा कांदा लावण्याची फार इच्छा आहे. आखणी कशी करावी?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : आपली इच्छा मनापासून पटते, पण ही यादी बदलावी असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण केवळ थंडी नाही. जूनमध्ये लेस्टरचा दिवस १६ तासांहून मोठा असतो, पुण्याचा १३ तासांच्या थोडा वर. पावट्याच्या आपल्या जुन्या जाती दिवस लहान होऊ लागल्याखेरीज फुलत नाहीत. त्यामुळे तिकडे वेल मांडवभर पसरतो, फुले उशिरा येतात आणि शेंगा भरण्याआधीच दव गोठून वेल जळतो. कांद्याचे नेमके उलटे होते. आपल्या जातींना गड्डा धरायला लागतात तेवढे तास तिथे वसंतातच भरतात, म्हणून पात पुरती वाढण्याआधीच गड्डा धरतो आणि कांदा लहान राहतो. तेव्हा कांदा तिथल्याच जातीचा घ्यावा. भेंडी आणि गवार यांना ऊबदार माती लागते. पॉलिटनेल (प्लास्टिकच्या आच्छादनाचा बोगदा) असेल तरच त्यांच्या वाटेला जावे.

मोठी जागा बटाटा, वाटाणा, बाकला (ब्रॉड बीन), कोबी आणि लसूण यांना द्यावी, आणि यांचे वाफे दरवर्षी बदलावेत. लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच लावाव्यात, कारण हिवाळ्याची थंडी मिळाली नाही तर गड्ड्यात पाकळ्या नीट सुटत नाहीत. मेथी एप्रिलपासून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने थोडी थोडी पेरत राहावी. कोथिंबीर मोठ्या दिवसांत लवकर फुलावर येते. तिची मुख्य पेरणी एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये करावी. कोबी लावण्याआधी मात्र शेजारच्या जुन्या मंडळींना विचारावे की तिथे क्लबरूट आहे का, कारण मुळांना गाठी आणणारा हा रोग मातीत वर्षानुवर्षे टिकतो.

आणि खुरपताना जरा थांबून पाहावे. कोवळ्या पानांवर पिठासारखी पांढरट भुकटी असलेले जे तण तिथे सर्रास उगवते, ते बहुधा आपला चाकवत असते. ओळखीची पूर्ण खात्री झाल्यावर त्याची ताकातली भाजी जरूर करावी. फक्त बी धरण्याआधी रोपे उपटावीत, नाहीतर पुढच्या वर्षी सगळे वाफे त्याचेच होतील.