बहिऱ्या बाळाच्या कॉक्लिअर इम्प्लांटला काही कर्णबधिर लोकच विरोध का करतात?

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवलेलं, बाहेरच्या यंत्राने टिपलेला आवाज विजेच्या संकेतांतून श्रवणाच्या नसेपर्यंत पोचवणारं उपकरण. बहुतेकांचा विरोध शस्त्रक्रियेला नसतो. बहिरेपण म्हणजे दुरुस्त करायचा बिघाड, या गृहीतकाला असतो. त्यामागे इतिहास आहे. १८८० साली मिलानमधल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार करायचा ठराव केला आणि पुढे पिढ्यानपिढ्या मुलांना हातांनी बोलल्याबद्दल शिक्षा झाल्या. त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं, व्हँकुव्हरच्या परिषदेत!

डॉक्टरांचं म्हणणंही खोटं नाही. मेंदू आवाज ओळखायला शिकतो तो पहिल्या काही वर्षांत. मूल मोठं होऊन स्वतः ठरवेपर्यंत थांबलं, तर इम्प्लांटचा फायदा बराच कमी होतो. म्हणजे थांबणं हाही मुलाच्या वतीने घेतलेला निर्णयच. पालकांनी तो घ्यावा, यात मला गैर वाटत नाही.

मला खटकतो तो ‘आता खुणा बंद, नाहीतर मूल बोलणार नाही’ हा सल्ला. बाहेरचं यंत्र काढलं किंवा बॅटरी संपली की मुलाला ऐकू येत नाही. शिवाय यश प्रत्येकात सारखं नसतं. बोलणं जमलं नाही आणि खुणाही शिकवल्या नाहीत, तर मूल कुठल्याच भाषेविना वाढतं. हे नुकसान पुढे पूर्ण भरून निघत नाही.

बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. त्यांनी निर्णयाआधी प्रौढ कर्णबधिरांना जरूर भेटावं, आणि इम्प्लांट करा किंवा नका करू, घरात सगळ्यांनी सांकेतिक भाषा लगेच शिकायला घ्यावी.