ओल्ड क्रोला निघण्यापूर्वी

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. या उन्हाळ्यात तळ्यांच्या पाण्याचे नमुने घ्यायला तू ओल्ड क्रोला जाणार, हे कळल्यावर फार आनंद झाला. तू मागितलेली सामानाची यादी सोबत जोडली आहे. पण त्या गावात कसं वागावं, हे यादीत मावत नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते.

कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉनमध्ये, आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे 130 किलोमीटर उत्तरेला क्रो नदी पोर्क्युपाइन नदीला मिळते. त्या संगमावर अडीचशेच्या आतबाहेर वस्तीचं हे गाव आहे. रस्ता न पोचलेलं युकॉनमधलं हे एकमेव गाव. माणसं, पीठ, औषधं, डिझेल, सगळं विमानानं येतं. आणि तू ज्या एअर नॉर्थच्या विमानानं उतरशील, त्या कंपनीत 49 टक्के हिस्सा याच गावच्या वुन्टुट ग्विचिन या मूळ रहिवासी लोकांचा आहे. हे मी मुद्दाम आधी सांगतेय. बाहेरून जाणाऱ्या संशोधकाच्या मनात बहुधा एक चित्र असतं, की आपण कुठल्यातरी मागे राहिलेल्या, मदतीकडे डोळे लावून बसलेल्या वस्तीत चाललो आहोत. ते चित्र पुण्यातच ठेवून जा. जमिनीचा आणि स्वशासनाचा करार या लोकांनी 1993 साली केला, तो 1995 मध्ये लागू झाला. त्यांचं स्वतःचं सरकार आहे. 2021 मध्ये त्यांनी 940 किलोवॉटचा सौर प्रकल्प सुरू केला, तोही गावाच्याच मालकीचा. उन्हाळ्यात तिथली डिझेल जनित्रं बंद ठेवता येतात. विमानानं डिझेल आणून वीज करणाऱ्या गावाला याचं मोल किती आहे, ते तिथे उभी राहशील तेव्हा तुला कळेल.

आता तुझ्या कामाकडे वळते. गावाच्या उत्तरेला ओल्ड क्रो फ्लॅट्स हा सपाट पाणथळ प्रदेश आहे. दोन हजारांहून जास्त तळी, खाली गोठलेली जमीन. 1982 पासून तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. वसंतात कुटुंबंच्या कुटुंबं तिथे तळावर जाऊन मस्करॅट पकडतात. मस्करॅट म्हणजे पाण्यात राहणारा, दाट केसांचा, घुशीएवढा प्राणी. या तळ्यांमध्ये काहीतरी बिघडतंय हे विद्यापीठांच्या आधी गावाच्या लक्षात आलं. पाणी खाली जातंय, काठ ढासळताहेत, पूर्वी जिथून होडी जायची तिथे झुडपं माजलीत, हे वर्षानुवर्षं तिथे वावरणारी माणसं बोलत होती. 2007 च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या निमित्तानं त्यांनी हाच प्रश्न शास्त्रज्ञांपुढे ठेवला आणि कामाला लावलं. त्याच वर्षी झेल्मा तळं अचानक रिकामं झालं. पाऊस आणि बर्फ भरपूर झाल्यानं ते काठोकाठ भरलं, काठ फुटला आणि बहुतेक पाणी थोड्या दिवसांत वाहून गेलं. तळी आटतात ती उष्णतेनं, असं धरून चालणाऱ्याला हे एक तळं बरंच शिकवतं. 2019 मध्ये गावानं हवामान आणीबाणी जाहीर केली ती या सगळ्या अनुभवातून.

तू ज्या प्रश्नावर प्रबंध लिहिणार आहेस तो मुळात त्यांचा आहे. हे एकदा मनात पक्कं बसलं की बाकीचं वागणं आपोआप सुचतं. कुणाला आधी भेटायचं, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावण्याआधी कुणाला विचारायचं, होडी कुणाची घ्यायची, सगळं. संशोधनाचा परवाना युकॉन सरकारचा लागतो, पण गावाची संमती ही वेगळी गोष्ट आहे आणि ती आधी घ्यायची. होडीवाल्याला त्याचे पैसे मोजून दे, आणि तो काय बोलतो ते वहीत लिही. कोणत्या तळ्यावर थांबायचं हे तुझ्या नकाशावरून ठरलेलं असेल. तो म्हणाला की त्याच्या बाजूचं तळं बघ, तर तेही बघ.

एक गोष्ट सांगते. 1966 मध्ये जीवाश्म शोधताना गावातल्या पीटर लॉर्ड यांना क्रो नदीच्या काठावर कॅरिबूचं, म्हणजे तिथल्या रानटी रेनडिअरचं, एक हाड सापडलं, एका टोकाला दाते पाडलेलं. कातडं खरवडायचं अवजार. ग्विचिन लोक असली अवजारं पिढ्यानपिढ्या वापरत आले आहेत. प्रयोगशाळेनं त्याचं वय सुमारे 27,000 वर्षं ठरवलं आणि जगभर खळबळ उडाली. पुढे 1986 मध्ये पुन्हा कालमापन झालं तेव्हा ते जेमतेम 1,350 वर्षांपूर्वीचं निघालं. भूजलातला कार्बन हाडाच्या खनिज भागात मुरला होता, आणि पहिलं मापन त्याच भागाचं केलेलं होतं. आता याची दुसरी बाजू बघ. गावाच्या नैर्ऋत्येला असलेल्या ब्लूफिश गुहांत पुरातत्त्वज्ञ जाक सँक-मार्स यांनी 1977 पासून दहा वर्षं उत्खनन केलं आणि माणूस इथे सुमारे 24,000 वर्षांपूर्वी होता असं मांडलं. त्यांना कितीतरी वर्षं कुणी मानलं नाही. 2017 मध्ये त्या गुहांत सापडलेल्या हाडांवरच्या खुणा पुन्हा तपासल्या गेल्या आणि निष्कर्ष त्यांच्या बाजूनं आला. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. एकाच टापूत दोन्ही घडलं. नमुना घेताना, साठवताना, कशातून काय मोजतोय हे ठरवताना तू फार काटेकोर राहा, एवढ्यासाठी हे सांगितलं.

वेळेचं गणित तिथे वेगळं असतं. आपल्याकडे पूर येतो तो पावसाळ्यात. तिथे तो मे महिन्यात येतो, बर्फामुळे. वरच्या अंगाला नदी फुटते, म्हणजे तिच्यावरचा बर्फ तुटतो, मोठमोठ्या लाद्या वाहत येतात, वळणावर अडकतात आणि मागे पाणी तुंबतं. त्या दिवसांत बर्फगाडीही चालत नाही आणि होडीही. जूनमध्ये सूर्य मावळतच नाही, मध्यरात्री मुलं बाहेर खेळत असतात. म्हणून सकाळी नऊला कुणाचं दार ठोठावू नकोस. धुकं आलं की विमान येत नाही, परतीच्या तिकिटाच्या पुढेमागे चार दिवस मोकळे ठेव. गावात दारूबंदी आहे, ती मनापासून पाळ. सोबत कुणी मित्रमंडळी येणार असतील तर त्यांनाही सांग. डासांची जाळी दोन घे.

तू मांस खात नाहीस, हे पहिल्याच दिवशी साधेपणानं सांगून टाक. कुणी वाईट वाटून घेत नाही. पण ताटात कॅरिबू वाढलेलं असताना प्राण्यांच्या जिवाबद्दल एक शब्द काढू नकोस. ही मंडळी कॅरिबूंसाठी किती झगडली आहेत ते आधी समजून घे. त्यांचा पोर्क्युपाइन नावाचा कळप 2017 च्या गणनेत 2,18,000 च्या आसपास होता. हे कॅरिबू वर्षातून दोनदा या टापूत नदी ओलांडतात आणि विण्यासाठी अलास्काच्या किनारी मैदानात जातात. नेमकं त्याच मैदानाखाली तेल असल्याचं मानलं जातं. 1988 मध्ये सीमेच्या दोन्ही बाजूंचे ग्विचिन अलास्कातल्या आर्क्टिक व्हिलेज इथे जमले आणि त्या विणीच्या जागेच्या रक्षणाचा निर्धार केला. तेव्हापासून ओल्ड क्रोची माणसं वॉशिंग्टनच्या खेपा घालत आहेत. माशांचं दुःख वेगळंच. युकॉन नदीतला चिनूक सामन इतका घटला की 2024 मध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी सात वर्षं त्याची मासेमारी थांबवायचं ठरवलं. नदीकाठी राहून जाळं टाकता येत नाही, हे त्या घरांमध्ये काय असतं ते मी तुला सांगू शकत नाही; कुणी बोललं तर ऐक. डाळ, तांदूळ, मसाले इथूनच ने. दुकानात सगळं मिळतं, पण विमानानं आलेल्या पिठाचा भाव परवडायचा नाही. आणि एखाद्या संध्याकाळी खिचडी करून शेजारी दे.

ज्येष्ठांशी बोलताना मधली शांतता भरून काढायची घाई करू नकोस. प्रश्न विचारलास की थांब. उत्तर पाच मिनिटांनी येईल, कदाचित दोन दिवसांनी होडीत येईल. एडिथ जोसी या गावच्या. 1962 पासून त्या युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्स इथल्या वृत्तपत्रात गावाच्या बातम्या लिहायच्या: कोण फ्लॅट्सवर गेलं, नदी कधी फुटली, कुणाच्या जाळ्यात किती मासे आले. इंग्रजी त्यांचं स्वतःचं होतं, संपादकांनी ते जसंच्या तसं छापलं, आणि 1995 मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ कॅनडा हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. जाण्याआधी त्यांचं लिखाण मिळवून वाच. नदी फुटल्याच्या त्या नोंदी तुझ्याही कामाच्या आहेत.

शेवटचं, आणि यावर मी हट्ट धरणार आहे. आकडे हाती आले की ते सगळ्यांत आधी गावात वाचून दाखव. चार पानांत, सोप्या इंग्रजीत, मोठे नकाशे लावून. प्रबंधाचा मसुदा गावाच्या सरकारकडे पाठव आणि त्यांना वाचायला पुरेसा वेळ दे. कुठल्या जागेचं नाव किंवा ठिकाण छापू नका म्हणाले तर छापायचं नाही. यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा एकदा जाण्याचं तिकीट आत्ताच खर्चाच्या अंदाजात घाल, नंतर पैसे उरत नाहीत. तुझ्या मार्गदर्शकांनी हा खर्च कशाला म्हणून विचारलं तर त्यांना माझा नंबर दे, मी बोलेन त्यांच्याशी.

तुझी,
ताई