१० बाय १० च्या खोलीत बाळाचे फोटो काढायचेत, ऑफ-कॅमेरा फ्लॅश (कॅमेऱ्यापासून वेगळा, स्टँडवर लावलेला) कुठे ठेवू?

बाळाकडे डायरेक्ट नकोच, फ्लॅशचं तोंड बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे फिरवा, भिंतच मोठा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारा पांढऱ्या कापडाचा डबा) होते आणि सावल्या एकदम मऊ पडतात. आमच्याकडे भिंत पिस्ता कलरची, पहिल्या फोटोत पोरगं चक्क हिरवट आलं 😄 मग दोरीवर पांढरी चादर टाकली आणि तिच्यावर फ्लॅश मारला, काम झालं. सुरुवातीला फ्लॅशची पॉवर १/१६, शटर १/१६० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं) एफ ४, आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील) ४०० ठेवून बघा, अंधार वाटला तर आधी आयएसओ वाढवा. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर रंगांची खिचडी होते. आणि स्टँडच्या पायावर ५ किलो तांदळाची पिशवी ठेवाच, रांगणारं बाळ पहिलं तिकडेच जातं.