‘मावशींना पगार किती?’ असं नातीनं विचारलं तर

प्रश्न : आम्ही मँचेस्टरजवळ राहतो. मुलगी अकरा वर्षांची आहे. तिच्या शाळेत यंदा नैतिक व्यापार आणि जागतिक विकास शिकवलं. चॉकलेट कुठून येतं, टी-शर्ट कोण शिवतं, फेअरट्रेडचं (म्हणजे पिकवणाऱ्याला रास्त भाव दिल्याचं) चिन्ह, असं सगळं. सुट्टीला कोथरूडला सासरी आलोय. परवा तिनं सगळ्यांदेखत आजीला विचारलं, “मावशींना महिन्याला किती देता? आणि त्यांना सुट्टी कधी असते?” मावशी तिथेच भांडी घासत होत्या. सासूबाई म्हणाल्या, “फार शिष्ट झालीये पोरगी.” अजून पंधरा दिवस इथे आहोत. तिला गप्प बसवू का?

उत्तर : गप्प मुळीच बसवू नका. मात्र माणसाच्या देखत त्याच्या पगाराची चर्चा करायची नसते, एवढं तिला आजच सांगा. मावशींना काय वाटलं असेल, हेही तिलाच विचारा. प्रश्न बरोबर होता, वेळ चुकली.

सासूबाईंना राग आला याचं मला नवल वाटत नाही. मावशी दहा-बारा वर्षं घरात येतात, त्यांच्या मुलीच्या लग्नात आपण आहेर करतो, चहा एकत्र होतो (कप वेगळा असतो, ते जाऊ दे). आणि एवढं असताना नात हिशेब मागते! माझ्याकडेही महिन्यात दोनाच्या वर खाडे झाले की पैसे कापायची रीत होती. एकदा भाचा म्हणाला, “मावशी, तुला ऑफिसात आजारपणाची रजा मिळायची ना?” मी त्याच्या हातात बेसनाचा लाडू ठेवला आणि विषय बदलला. कापणं मात्र त्या महिन्यापासून बंद झालं.

मुलीला रविवारची गोष्ट सांगा. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १८९० मध्ये कामगारांना रविवार मिळाला. आता आजीलाच विचारू द्या, पण स्वयंपाकघरात, दोघीच असताना : आपल्या मावशींना रविवार आहे का? घरेलू कामगारांसाठी राज्यात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण आठवड्याची सुट्टी बहुतेक घरांत अजून मालकिणीच्या मर्जीवरच आहे.

एक सकाळ कचऱ्यासाठी राखा. तुमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताई बहुधा ‘स्वच्छ’च्या असतील. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये झाली, तिच्यातून ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून ती महापालिकेबरोबर काम करते. कचरावेचकच तिचे सभासद आणि मालक. घराघरांतून मिळणारं शुल्क आणि वेचलेल्या भंगाराची विक्री, ही त्यांची कमाई. ताईंची परवानगी घेऊन मुलीला अर्धा तास बाजूला उभं राहू द्या, फोटो न काढता. पुठ्ठा एकीकडे, दुधाच्या पिशव्या एकीकडे, बाटल्या एकीकडे. मग हातात येतं वेफर्सचं पाकीट, आतून चंदेरी. ते बहुतेकदा कुठल्याच ढिगात जात नाही, कारण भंगारवाला ते सहसा घेत नाही. ताईंनी ते उचललं, वाहून नेलं, पण त्याचा पैसा बहुधा एकही नाही. पाकीट बनवणाऱ्यानं मात्र नफा केव्हाच खिशात घातला. प्लॅस्टिकबाबतच्या २०१६ च्या नियमांनी अशा वेष्टनांची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे, हेही सांगा. तसलंच पाकीट तिच्या शाळेच्या डब्यातही असतं. शाळेत महिनाभर जे शिकवलं, ते इथे एका पाकिटात दिसेल.

एका दुपारी ‘कष्टाची भाकर’मध्ये जेवा. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये हे सुरू केलं, हमालांना स्वस्तात पोटभर मिळावं म्हणून, ना नफा ना तोटा या हिशेबानं. झुणका-भाकर मागवा. बिल मुलीलाच द्यायला लावा आणि बाहेर एखाद्या हॉटेलात तेवढ्याच जेवणाला काय पडलं असतं, ते तिला काढू द्या. फरक नेमका कुठे गेला, यावर तुमची बस थांब्यावर येईपर्यंत वाद चालेल. चालू द्या.

एक धोका आहे. परत गेल्यावर शाळेत या सगळ्याचं ‘गरीब भारत’ असं पोस्टर होऊ देऊ नका. संयुक्त राष्ट्रांत २०१५ मध्ये ठरलेली १७ विकास उद्दिष्टं ब्रिटनलाही लागू आहेत. शिवाय तिथे त्याच वर्षीचा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा आहे : ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपनीनं पुरवठ्याच्या साखळीत वेठबिगारी नसावी म्हणून काय केलं, याचं निवेदन दरवर्षी द्यावं लागतं. तिच्या आवडत्या कपड्यांच्या दुकानाचं निवेदन शोधा आणि मावशींबद्दल विचारलेलेच दोन प्रश्न त्याला विचारा : पगार किती? सुट्टी कधी? उत्तर बहुधा गुळमुळीत असेल. तिला ते पेन्सिलीनं खुणावून शाळेत न्यायला सांगा.

आणि हो, सासूबाईंचा राग उतरला की मुलीला मावशींशी सरळ गप्पा मारू द्या, पगार सोडून. त्याही विचारतीलच, “तिकडे तुमच्याकडे भांडी कोण घासतं गं?” मशीन घासतं हे खरं, पण मशीन कोण भरतं, हे ती सांगेल तेव्हा तुमचे यजमान खोलीत नसलेले बरे.