पॉवर मेनू कॉपी करावा का?

प्रश्न : टॉवेल कारखान्यातल्या मागांवर लावायच्या, बॅटरीवर चालणाऱ्या नोंद-यंत्रासाठी आम्ही एफपीजीएवर (हवं तसं सर्किट घडवता येणारी चिप) स्वतःचा प्रोसेसर बसवून त्यावर लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) आणतोय. कर्नलचे निवडलेले पर्याय असलेल्या डॉट-कॉन्फिग फाइलीत 'कॉन्फिग_सस्पेंड=वाय' (सस्पेंड चालू) लिहिलं, तरी बिल्ड करताना ती ओळ उडून जाते. एक्स८६चा (इंटेल-एएमडी प्रोसेसरांचा) पॉवर मेनू, म्हणजे वीज-बचतीच्या पर्यायांची यादी, आमच्या फोल्डरात कॉपी करून घ्यावा का?
— अभियांत्रिकीचे विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : कॉपी मुळीच करू नका. सस्पेंड (यंत्र झोपवणं) आणि हायबरनेशन (मेमरी डिस्कवर साठवून यंत्र बंद करणं) यांचे पर्याय 'कर्नल/पॉवर/केकॉन्फिग' या एकाच फाइलीत आहेत; केकॉन्फिग फाइलींत कर्नलचे पर्याय आणि त्यांच्या अटी लिहिलेल्या असतात. एक्स८६, आर्म६४, रिस्क-व्ही ही सगळी आर्किटेक्चर (प्रोसेसरांचे प्रकार) तीच फाइल 'सोर्स' करतात, म्हणजे आपल्या मेनूत जोडून घेतात. कर्नलच्या 3.19 आवृत्तीत 'पीएम_रनटाइम' (यंत्र चालू असताना रिकामी उपकरणं झोपवण्याचा पर्याय) काढून तो 'पीएम' या मूळ पॉवर-मॅनेजमेंट पर्यायात मिसळला, तो बदल सगळ्यांना एकदम मिळाला. कॉपी केलेल्या मेनूपर्यंत असे बदल पोचत नाहीत.

ओळ उडते ती वेगळ्याच कारणाने. 'सस्पेंड' हा पर्याय 'आर्च_सस्पेंड_पॉसिबल'वर अवलंबून आहे. तुमच्या आर्किटेक्चरने ते चिन्ह (पर्यायाचं नाव) जाहीरच केलेलं नाही, आणि जाहीर नसलेलं चिन्ह म्हणजे 'एन' (नाही). मग हाताने लिहिलेली ओळ मेक (बिल्ड चालवणारा प्रोग्राम) काढून टाकतो. तुमच्या केकॉन्फिगमध्ये 'कॉन्फिग आर्च_सस्पेंड_पॉसिबल', त्याखाली 'डेफ_बूल वाय' (मुळातच 'हो') लिहा आणि मेनूत ती सामायिक फाइल सोर्स करा. मेनूकॉन्फिगमध्ये (पर्याय निवडायचा पडदा) तिरकी रेघ दाबून 'सस्पेंड' शोधलंत की कोणती अट अडते ते दिसतं. तुमच्या बोर्डाच्या केकॉन्फिग पर्यायातून 'सिलेक्ट सस्पेंड' मात्र नको: सिलेक्ट अटी न तपासता पर्याय लादतो.

हायबरनेशनचं चिन्ह इतक्यात जाहीर करू नका. त्याला स्वॅप (मेमरीतला मजकूर ठेवायची डिस्कवरची जागा) लागतो, शिवाय 'स्वसस्प_आर्च_सस्पेंड' आणि 'स्वसस्प_आर्च_रिझ्यूम' ही फंक्शन्स तुम्हालाच लिहावी लागतात. ती नसतील तर लिंक करताना (बिल्डचे तुकडे जोडताना) 'अनडिफाइन्ड रेफरन्स' ही चूक येते.

तुमच्या यंत्राला एस२आयडल (सस्पेंड-टू-आयडल, सस्पेंडचा सर्वांत साधा प्रकार) पुरेल. त्यासाठी प्लॅटफॉर्मचा वेगळा कोड लागत नाही. 'सिस/पॉवर/स्टेट'मध्ये 'फ्रीझ' लिहायचं. जागं करणाऱ्या उपकरणाच्या (आरटीसी म्हणजे घड्याळाची चिप, किंवा बटण) ड्रायव्हरने झोपण्यापूर्वी 'एनेबल_आयआरक्यू_वेक' बोलावलं पाहिजे, नाहीतर त्याचा इंटरप्ट (प्रोसेसरला हाक देणारा संकेत) बंदच राहतो आणि यंत्र उठत नाही. आधी 'पीएम_डीबग' हा पर्याय चालू करून 'सिस/पॉवर/पीएम_टेस्ट'मध्ये 'डिव्हायसेस' लिहा: मग 'फ्रीझ' दिल्यावर उपकरणं झोपतात, 5 सेकंदांनी आपोआप परततात. अडणारा ड्रायव्हर इथेच सापडतो.

'पीएम_स्लीप' (झोपवण्याच्या सोयींचा पर्याय) बंद ठेवून बिल्ड केल्यास ड्रायव्हरातल्या सस्पेंड फंक्शन्सवर 'न वापरलेलं फंक्शन' अशी ताकीद येते. तिथे इफडेफ (पर्याय बंद असेल तर कोड वगळणाऱ्या ओळी) पेरू नका, कर्नलच्या 5.17 आवृत्तीपासून 'पीएम_स्लीप_पीटीआर' आणि 'डिफाइन_सिंपल_डेव्ह_पीएम_ऑप्स' हे मॅक्रो (तयार कोडची लघुरूपं) त्यासाठीच आहेत.