वडिलांच्या १२ गोळ्या, दोनदा पडणं आणि चोवीस तासांची बाई

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७९ वर्षांचे, गोरेगावला तुमच्याकडेच असतात. बीपी, शुगर, गुडघे आणि प्रोस्टेट मिळून दिवसाला १२ गोळ्या. आठ महिन्यांत दोनदा पडले, उठताना चक्कर येते, हल्ली बोलता बोलता मधेच हरवतात. डॉक्टर म्हणतात, वय झालं. तुम्ही दोघंही नोकरीवर. तर घरी चोवीस तासांची बाई ठेवावी, की कर्जत-नेरळकडे एखादा वृद्धाश्रम बघावा?

मी डॉक्टर नाही. लालबागला औषधांच्या दुकानात २७ वर्षं काउंटरवर आहे, फार्मासिस्ट. त्यामुळे उत्तराचा कल गोळ्यांकडे असणार हे धरूनच चला. पण मला विचाराल तर बाई की वृद्धाश्रम हे ठरवायची घाई नको. आधी हे बघा की वडिलांना वय पाडतंय की गोळ्या पाडतायत. दोन्ही असू शकतं, पण त्यातलं एक कमी करता येतं.

आमच्या आईचंच सांगतो. चाळीत दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली, संडास गॅलरीच्या टोकाला. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू होती. या गोळीने काही जणांचे पाय सुजतात, तसे आईचेही सुजले. ही सूज अंगात पाणी जास्त झाल्याची नसते. बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात आणि त्यातून पाणी घोट्याकडे झिरपतं. पण आई पाय दाखवायला गेली दुसऱ्याच डॉक्टरकडे, आधीची चिठ्ठी न घेता. त्यांनी लघवीची गोळी दिली. ती घ्यायची सकाळी, पण मग दुपारी भजनी मंडळात धड बसता येईना, म्हणून आईने ती परस्पर रात्रीवर ढकलली. झालं, रात्री तीन-तीनदा उठायचं आणि अंधाऱ्या गॅलरीतून ओल्या लादीवरून चालत जायचं. एका रात्री पडली.

पडली ती चक्कर येऊन, म्हणून चक्करची गोळी, सिनारिझीन. ही थोड्या दिवसांची पाहुणी. आमच्याकडे दोन वर्षं मुक्कामाला राहिली, कारण बंद करा असं कुणी सांगितलंच नाही. हळूहळू आईचे हात थरथरायला लागले, पावलं फरफटायला लागली, चेहऱ्यावरचं हसू गेलं. मग कंपवाताच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी उभं राहिल्यावर बीपी आणखी खाली येऊ शकतं. म्हणजे पुन्हा चक्कर.

आणि या सगळ्या स्ट्रिपा घरी आणत कोण होतं? मीच, स्टाफच्या सवलतीत. रोज दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचणारा माणूस आपल्या आईची चिठ्ठी सलग कधी वाचत नाही.

२०१६ साली पालिकेच्या एका रुग्णालयातल्या फिजिशियन बाईंनी सांगितलं, रिपोर्ट नकोत, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. टेबलावर पिशवी उलटी केली. १३ प्रकार निघाले. त्यात टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी दोनदा होती, एकदा सुटी आणि एकदा दोन औषधं एकत्र असलेल्या जोडगोळीत, दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावांनी. आई दोन्ही इमानेइतबारे घेत होती. बाईंनी एकदम काही तोडलं नाही. एकेक गोळी कमी केली, मधे दोन-तीन आठवडे थांबून. चार महिन्यांत १३ च्या ६ झाल्या. सिनारिझीन बंद झाल्यावर थरथर जायला पाच महिने लागले, पण गेली. कंपवात नव्हताच, तो गोळीने आणलेला होता. पोट बिघडल्यावर गॅसच्या गोळीसोबत जी लेव्होसल्पिराइड सर्रास दिली जाते, ती महिनोन् महिने चालली तर म्हातारपणी असाच खेळ करते. वडिलांच्या पिशवीत ती आहे का बघा.

आता वयाने शरीरात नेमकं होतं काय, कारण त्याशिवाय हे पटत नाही. साधारण चाळिशीनंतर किडनीची गाळायची ताकद दर वर्षी थोडी थोडी उतरते. रिपोर्टमध्ये ते दिसत नाही, कारण किडनी तपासायला रक्तात जे क्रिएटिनिन मोजतात ते स्नायूंतून येतं आणि म्हाताऱ्या माणसाचे स्नायूच आटलेले असतात, म्हणून आकडा वाढलेला दिसत नाही. किडनी मिनिटाला साधारण किती मिली गाळते याचा अंदाज देणारं, कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६ चं एक सूत्र आहे: १४० मधून वय वजा करा, किलोमधल्या वजनाने गुणा, मग ७२ आणि क्रिएटिनिन यांच्या गुणाकाराने भागा, बाई असेल तर ०.८५ ने गुणा. ७० किलोच्या तिशीतल्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.१ असेल तर उत्तर येतं ९७. माझी आई तेव्हा ८० वर्षांची, ४५ किलोची, क्रिएटिनिन तेवढंच १.१. तिचं उत्तर २९. कागदावर दोघंही नॉर्मल. किडनीवाटे बाहेर पडणारी गोळी मात्र तिच्या अंगात कितीतरी जास्त वेळ घोटाळत राहणार.

अंगातलं पाणी कमी होतं आणि चरबीचं प्रमाण वाढतं, ते आणखी एक. चरबीत मुरणाऱ्या गोळ्या मग निघता निघत नाहीत. डायझेपाम ही झोपेची जुनी गोळी विशीत साधारण २० तासांत निम्मी होते, ऐंशीत त्यालाच ८०-९० तास लागू शकतात. रोज एक घेणाऱ्या आजोबांच्या अंगात परवाची, कालची आणि आजची अशा तिन्ही बसलेल्या असतात. सकाळी ते भिंत धरून चालतात आणि घरचे म्हणतात, वय झालं. तहानही मरते, त्यामुळे मे महिन्याच्या घामात दिवसभर दोन पेले पाणी पिऊन ते खुशाल असतात. आणि उठल्याबरोबर रक्तवाहिन्या आवळून बीपी सावरायची जी चपळाई असते, ती मंदावते.

हे शेवटचं घरीच तपासता येतं. बीपीचं मशीन घ्या. वडिलांना पाच मिनिटं आडवं पडू द्या, बीपी घ्या. मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी घ्या, शेजारी कुणी तरी उभं असू द्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर चक्करचं कारण बऱ्यापैकी सापडलं. तो कागद डॉक्टरांना दाखवा. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन असेल तर तिच्याकडे माझा पहिला संशय. ती प्रोस्टेटचे स्नायू सैल करते, पण काही जणांचं बीपीही खाली ओढते, आणि बीपीच्या दोन गोळ्यांच्या जोडीला ती असली की विचारू नका. प्रोस्टेटवाल्यांनी सर्दीच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. त्यात क्लोरफेनिरामाइन असतं, त्याने लघवी अडते. रात्री सर्दीची गोळी आणि पहाटे कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की साठीच्या पुढच्या गिऱ्हाईकाने सर्दीची गोळी मागितली की आधी लघवीची चौकशी करतो. लोकांना ते विचित्र वाटतं.

गुडघ्यांसाठी दुखायची गोळी रोज चालू असेल तर तीही विचारा. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि पेनकिलर हे त्रिकूट किडनीला भारी पडतं.

बोलताना हरवतात म्हणालात. डिमेन्शिया असू शकतो, नाही म्हणत नाही. पण तो शिक्का मारण्याआधी सोडियम, बी-१२, थायरॉइड आणि लघवीची तपासणी करून घ्या. सोडियम १३५ ते १४५ मध्ये हवं. आईचं लघवीच्या गोळीने १२४ वर आलं होतं आणि ती मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारत होती. शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ घटू शकतं.

आणि शुगर फार कडक आवळलेली नाही ना, तेही बघा. आमच्या मजल्यावरच्या एक काकू, ७६ वर्षांच्या. संकष्टीला उपास, चंद्रोदय रात्री साडेनऊला, पण सकाळची ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर उतरवणारी गोळी, नेमाने घेतलेली. 'उपास आहे, औषध थोडंच मोडायचं?' दुपारी चारला त्या गॅलरीत बसून साडीचा पदर घडी करत होत्या आणि परत उलगडत होत्या. ना घाम, ना थरथर. सुनेला वाटलं, चाळा आहे. मशीनवर ४८. साखरेचं पाणी पाजल्यावर पंधरा मिनिटांत शुद्धीवर येऊन विचारतात, चंद्र दिसला का. म्हाताऱ्या माणसाची साखर उतरल्याची लक्षणं अशीच फसवी असतात. म्हणूनच थकलेल्या शरीराला एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ७ च्या आत ठेवायचा हट्ट डॉक्टर बऱ्याचदा सोडून देतात, ८ च्या आसपासही चालवून घेतात. तुमच्या डॉक्टरांना हे थेट विचारा, रागावणार नाहीत. रागावले तर दुसरे डॉक्टर बघा.

एक मात्र हात जोडून सांगतो: हे वाचून घरीच गोळ्या बंद करू नका. झोपेची गोळी, मेटोप्रोलोलसारखी हृदयाची गोळी, फिटची गोळी एकदम तोडली तर जिवावर बेततं. काय कमी करायचं आणि कुठल्या क्रमाने, ते एकाच डॉक्टरने ठरवावं. जेरियाट्रिक, म्हणजे वृद्धांसाठीची, ओपीडी असलेलं रुग्णालय मिळालं तर उत्तम, नाही तर घाई नसलेला एक एमडी फिजिशियन पुरे.

आता बाई. यावर माझं मत जरा रोखठोक आहे. गोळ्यांचा निकाल लागेपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने, दिवसाची बारा तासांची मावशी ठेवा आणि रात्र तुम्ही वाटून घ्या. चोवीस तासांच्या मावशीला झोप कधी मिळते याचा विचार कुणी करत नाही. रात्री वडील उठतील तेव्हा तीही गाढ झोपेत असणार, आणि तो तिचा दोष नाही. आई शेवटची दोन वर्षं, खुब्याचं हाड मोडल्यावर, अंथरुणालाच होती. (हो, गोळ्या कमी करूनही शेवटी पडलीच. हाडं ८३ वर्षांची होती.) ब्युरोतून चोवीस तासांच्या मावशी आणल्या, महिना २२ हजार आणि ब्युरोचं कमिशन वेगळं. बाई प्रेमळ. आईला गिळताना ठसका लागायचा म्हणून गोळ्या खलबत्त्यात कुटून मधातून द्यायच्या. चौथ्या दिवशी आईची नाडी ४४. मेटोप्रोलोलची गोळी दिवसभर हळूहळू सुटणारी होती, ती कुटल्याबरोबर सगळा डोस एकदम पोटात. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल असं काही असेल ती गोळी कधीच कुटायची नाही. मावशींना हे कोण सांगणार होतं? मी रोज दुकानात हेच सांगत होतो, दुसऱ्यांना.

तेव्हापासून फ्रिजवर एक कागद लावला: गोळीचा रंग, वेळ, जेवणाआधी की नंतर, कुटायची की नाही. मावशींना इंग्रजी वाचता येत नव्हतं म्हणून प्रत्येक ओळीपुढे ती गोळी सेलोटेपने चिकटवली. दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाडाजवळची त्वचा रोज बघायची, लाल डाग दाबून पांढरा होत नसेल तर त्याच दिवशी फोन करायचा, हेही त्याच कागदावर.

वृद्धाश्रमाला माझा विरोध नाही. पण बऱ्याच ठिकाणी स्वतःचं स्वतः करणारेच घेतात, हे फोनवरच विचारा. आणि गेलात तर बाग-बिग नंतर बघा. आधी विचारा की रात्री नर्स असते का, औषधं कोण देतं, लिहून ठेवतात का. ती वही मागून बघा. रात्रीचं पान एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेलं दिसलं तर चहा पिऊन परत या.

पैशांचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. वय वंदना कार्ड काढून ठेवा. पण ते अ‍ॅडमिट झाल्यावरच्या उपचारांसाठी. मावशीचा पगार, डायपर, एअर बेड हे सगळं खिशातूनच. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, तिथे बाकीची माहिती विचारता येते.

तर या रविवारी पिशवी भरा. डोळ्यांचे थेंब, आयुर्वेदिक चूर्ण, शेजाऱ्यांनी दिलेली गुडघ्याची गोळी, सगळं त्यात घाला. वडिलांना विचारून भरू नका, ते म्हणतील एवढंच आहे. उशीखाली बघा, चष्म्याच्या डब्यात बघा, देवघराच्या खणातही बघा. आईच्या झोपेच्या गोळ्या मला तिथेच सापडल्या होत्या, फुलवातींच्या डब्यात, वातींखाली.