गौरी शनिवारपर्यंत थांबत नाहीत

न्यू जर्सीहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "सासूबाईंनी यंदा तुळशीबागेतून मुखवटे घेऊन पाठवले आहेत आणि यापुढे गौरी तुमच्याकडेच बसवा, असे सांगितले आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो. आवाहन शुक्रवारी, पूजन शनिवारी आणि विसर्जन रविवारी केले तर चालेल ना? शेवटी भाव महत्त्वाचा." सोळा भाज्या कुठून आणायच्या, विसर्जन कुठे करायचे आणि नऊ वर्षांच्या लेकीला या सगळ्याचा अर्थ कसा सांगायचा, असेही त्यांनी विचारले आहे.

ताई, दोन नोकऱ्या सांभाळून गौरी बसवायचे मनात आणलेत, याचेच मला कौतुक आहे. अकरा वर्षे मीही तिकडे संसार केला आहे, तेव्हा तुमची ओढाताण मला कुणी समजावून सांगायला नको. पण "भाव महत्त्वाचा" हे वचन आपल्याला नेमके सुट्टीचा वार गाठायचा असला की आठवते, एवढे तुम्हीही कबूल कराल.

सत्यनारायण तुम्ही खुशाल रविवारी घाला. गौरींचे मात्र तसे नाही. त्या तिथीवरसुद्धा येत नाहीत, नक्षत्रावर येतात. भाद्रपदाच्या शुक्ल पक्षात चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रात पूजन आणि मूळ नक्षत्रात विसर्जन, म्हणून तर त्यांना ज्येष्ठा गौरी म्हणतात. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, त्यामुळे हा मुक्काम तीनच दिवसांचा. गौरींबरोबर जाणारा गणपती 2023 साली पाचव्या दिवशी गेला आणि 2025 साली सातव्या दिवशी, त्याचेही कारण हेच. चतुर्थी तिथीने ठरते आणि गौरी नक्षत्राने.

पहिल्या वर्षी मी तुमच्यासारखाच शहाणपणा केला होता. शनिवार ठरवला, चाळीस माणसांना आमंत्रण दिले, दोन दिवस पुरण वाटत बसले आणि मोठ्या अभिमानाने पुण्याला सासूबाईंना फोन लावला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "गौरी तर गुरुवारीच गेल्या. तू कुणाला जेवू घालते आहेस?" त्या वेळी मला राग आला होता. नंतर लक्षात आले की मी गौरींचा दिवस पाहुण्यांच्या सोयीने ठरवला होता आणि पाहुण्यांसाठीच एवढा मोठा घाट घातला होता.

पुढच्या वर्षी आवाहन सोमवारी आले. माझ्या माहेरी कोकणस्थी रीतीच्या खड्यांच्या गौरी असल्यामुळे मी सासूबाईंना विचारले आणि त्यांनी लगेच होकार दिला. कामावरून आल्यावर लेकीला घेऊन घरामागच्या ओढ्यावर गेले. तिने पाच खडे वेचले आणि वाटेत एक शब्दही न बोलता घरी आणले. दारात मी तिच्या पायांवर दूध-पाणी घातले, हळदीकुंकवाची पावले काढली, आणि "गौर आली, सोन्याच्या पावलांनी आली" म्हणत तिला घरभर फिरवले. सगळे मिळून तासभरही लागला नाही.

तुमच्याकडे मुखवटे आहेत, तर धान्य भरलेल्या दोन तांब्यांवर ते ठेवा आणि भोवती खण गुंडाळा. उभ्या गौरी, नऊवारी आणि आरास पुढच्या एखाद्या वर्षी करता येईल. बहुतेक घरांत आवाहनाच्या दिवशी नैवेद्य भाजी-भाकरीचाच असतो, म्हणजे कामाच्या दिवसाची सोय आपल्या आज्या-पणज्यांनी आधीच करून ठेवली आहे. पुरणाचा स्वयंपाक एकाच दिवशी करायचा, त्या दिवशी रजा घ्या. पंचांग मात्र तुमच्या गावाचे पाहा. अनुराधा पुण्यात मंगळवारी सकाळी सहाला लागली, तर तुमच्याकडे तेव्हा सोमवारचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतील.

लेकीला अर्थ सांगायला पोथी उघडू नका. पूजनाच्या दिवशी सूर्य मावळल्यावर तिला नैऋत्येचे आकाश मोकळे दिसेल अशा जागी न्या. क्षितिजापासून फार वर नसलेल्या चंद्राच्या आसपास एक तांबूस तारा दिसेल, तीच ज्येष्ठा. चंद्र तिथे आहे तोवर गौर आपल्या घरी आहे, तो पुढे सरकला की ती सासरी निघाली, एवढे सांगितले तरी नऊ वर्षांच्या मुलीला पुरते. गौर गणपतीची आई की बहीण, हे घराघरांत वेगवेगळे सांगतात. तुमच्या घरात काय सांगतात ते सासूबाईंना विचारा. माहेरवाशीण मात्र ती सगळीकडेच आहे, आणि तीन दिवसांची रजा घेऊन माहेरी येणे म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला वेगळे सांगायला नको.

सोळा भाज्यांचा घोर लावून घेऊ नका. माझ्या आत्या मिरची, कोथिंबीर आणि आलेही मोजत असत. मुखवटे पाण्यात सोडायचे नसतात, अक्षता टाकून ते जागचे हलवले की विसर्जन झाले. मग मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवा आणि त्या पेटीवर दुसरे सामान रचू नका, आमच्या एका गौरीचे नाक तसेच गेले आहे.